पार्श्वभूमी : आरसेप, अकरा टक्के आणि विदर्भातली जिनिंग

कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ रोजी उठवले, तेव्हा यवतमाळ-वर्ध्याकडे पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती. सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, मग ३१ डिसेंबरपर्यंत लांबली. म्हणजे सीतादहीची पूजा करून कापसाचा पहिला वेचा निघतो तिथपासून ऐन आवकेपर्यंतचा सगळा काळ तिच्यात सापडला. त्यावर निघणारा प्रश्न साहजिक आहे. २०१९ मध्ये आपण आरसेपला, म्हणजे चीनसह आशिया-पॅसिफिकमधल्या देशांच्या मुक्त व्यापार कराराला, नाही म्हटले ते शेती आणि कारखानदारी वाचवायला, मग बाहेरची रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, आत आली कुठून?

करार नाकारला म्हणून दार बंद होत नाही. कडी आपल्याकडे राहते, आणि ती कधी काढायची हे दिल्ली ठरवते.

असा प्रसंग वऱ्हाडावर पहिल्यांदाच आलेला नाही. १९३३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने जपानशी असलेला १९०४ चा व्यापार करार मोडायची नोटीस दिली. जपानी कापडाने मुंबईच्या गिरण्या मेटाकुटीला आल्या होत्या. जूनमध्ये ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावरचे शुल्क ७५ टक्क्यांवर नेले गेले. जपानी गिरण्यांनी उत्तर म्हणून हिंदुस्थानी कापूस घेणेच थांबवले, आणि त्यांचा मुख्य माल होता तो आखूड धाग्याचा, वऱ्हाड-खानदेशचा. गिरण्यांचे संरक्षण कास्तकाराच्या अंगावर आले. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली. जपानने वर्षाला १० लाख गाठी उचलल्या तर ३२.५ कोटी वार कापड इकडे येणार, १५ लाख उचलल्या तर ४० कोटी, आणि शुल्क ५० टक्के. कापूस आणि कापड एकाच कागदावर इतक्या उघडपणे तोलले गेल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

पुढची सत्तर वर्षे थोडक्यात आटोपता येतील. नागपुरात १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची थांबली. पुलगाव, बडनेरा, हिंगणघाट, अचलपूर या गिरणीगावांचे भोंगेही वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांनी बंद पडले. २००५ मध्ये जगभरातला कापड-कोटा संपला, तोवर इथे सांगण्यासारखा उद्योग उरला होता तो जिनिंग-प्रेसिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचे तेल आणि ढेप इथेच होते, पण १७० किलोची गाठ ट्रकवर चढली की सूत, कापड, शिलाई असा पुढचा सगळा रोजगार तिच्याबरोबर गुजरात, तमिळनाडूकडे जातो. मागे राहतात रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकणाऱ्या बाया, गाठी बांधणारे, हमाल आणि काट्यावरचा पोरगा. तेही हंगामापुरते.

आता २०१९. आरसेपच्या वाटाघाटी २०१३ पासून चालू होत्या. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने आपण यात नाही असे सांगितले. उरलेल्या १५ देशांनी १५ नोव्हेंबर २०२० ला सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला. भारताचे आक्षेप नेमके होते. शुल्ककपात २०१४ च्या दरांवरून मोजायची की २०१९ च्या, आयात अचानक वाढली तर शुल्क आपोआप चढावे की नाही, आणि चिनी माल तिसऱ्या देशाचा शिक्का मारून आला तर तो ओळखायचा कसा. दूधसंघांपासून पोलादवाल्यांपर्यंत बऱ्याच जणांनी सुस्कारा सोडला. या नकाराच्या विरोधात बोलणाऱ्यांचे म्हणणे होते की आशियाची पुरवठा-साखळी आता आपल्याला वगळून बांधली जाईल.

या वादात एक गोष्ट हमखास सुटते. त्या १५ पैकी आसियान या आग्नेय आशियाई गटाचे १० देश, दक्षिण कोरिया आणि जपान यांच्याशी आपले करार २०१० आणि २०११ पासूनच आहेत. ऑस्ट्रेलियाशी करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला, आणि त्यात ५१ हजार टन कापूस बिनशुल्क आणायची मुभा आहे. नकार मुख्यतः चीनला होता. आसियान कराराचा चटका तर विदर्भाने सोयाबीनमध्ये सोसला, कारण सोयातेलाची स्पर्धा आयात पामतेलाशी असते. १ जानेवारी २०२० ला त्या करारापायी रिफाइंड पामतेलावरचे शुल्क ५० वरून ४५ टक्क्यांवर आणि कच्च्या पामतेलावरचे ४० वरून ३७.५ वर आणावे लागले. दोन्हींतले अंतर १० वरून साडेसातवर आले. देशी रिफायनरी जगते ती याच फरकावर. आठवडाभरात सरकारने रिफाइंडच्या आयातीवर निर्बंध घातले.

बाहेर राहण्याचीही किंमत आहे, आणि ती सुतात दिसते. व्हिएतनाम आणि पाकिस्तानचे सुती सूत चीनशी असलेल्या त्यांच्या करारांमुळे तिथे बिनशुल्क जाते, आपल्या सुतावर ३.५ टक्के लागतात. एवढ्याशा फरकावर गिरण्यांचे सौदे फिरतात, आणि सूत अडले की रुईची मागणी थंडावते. ब्रिटनचा दाखला यासाठी नेहमी दिला जातो. युरोपीय संघातून निघाल्यावर शून्य शुल्काचा करार झाला खरा, पण माल मूळचा कुठला हे सिद्ध करायची कटकट मागे लागली. २०१६ मध्ये १७ लाखांवर असलेले तिथले मोटारींचे उत्पादन २०२४ मध्ये ८ लाखांच्या आत आले. त्यात कोविड, चिपटंचाई आणि डिझेलची उतरती कळाही आहे, सगळे खापर ब्रेक्झिटवर फोडता येत नाही.

खरा घोळ अकरा टक्क्यांचा. कापसावरचे शुल्क फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात आले. २०२२ च्या सुरुवातीला विदर्भात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला, तो मात्र जागतिक तेजीमुळे. दाक्षिणात्य गिरण्यांनी ओरड केली आणि १४ एप्रिल २०२२ ला शुल्क उठले. सवलत ऑक्टोबरअखेरपर्यंत चालली. पुढच्या हंगामात भाव उतरले, तरी दहा हजारांची आठवण ताजी होती. कास्तकारांनी कापूस घरात भरून ठेवला, साठवलेल्या कापसातल्या किड्यांनी लेकरांच्या अंगाला खाज सुटली. आणि आवकच नाही म्हणून जिनिंगमध्ये रेचे उभे राहिले. मजुरांना तेव्हा ना शुल्काचा उपयोग झाला ना सवलतीचा.

२०२५ मध्ये तेच पुन्हा, फक्त कारण वेगळे. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले आणि कापड निर्यातदारांना स्वस्त रुई हवी झाली. आयात त्याआधीच फुगलेली होती. शुल्क चालू असतानाही २०२४-२५ च्या हंगामात ती आदल्या हंगामाच्या दुपटीवर गेली, कारण देशी पीक घटले होते आणि बाहेरची रुई स्वस्त पडत होती. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये, खुल्या बाजारात त्याहून कमी. मग गर्दी सरकारी खरेदीवर. तिथे गाडीत ओलावा मोजायचे यंत्र खुपसतात आणि काटा १२ टक्क्यांच्या पुढे गेला की गाडी परत. सरकारी कापूसही करारावर खासगी जिनिंगमध्येच रेचला जातो, म्हणून मजुराचा हंगाम तगला. पण जी जिनिंग निविदेत बसली नाही आणि स्वतः कापूस घेऊन रुई विकणार होती, तिला आयात रुईपुढे भाव जुळवणे जड गेले.

जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या ब्रिटन करारात भारतीय कपड्यांवरचे १२ टक्क्यांपर्यंतचे शुल्क शून्य करायचे ठरले. ब्रिटन संघात असता तर असा स्वतंत्र करार झालाच नसता. तो रोजगार आधी तिरुपूरला जाईल, कारण शिलाई तिथे आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठला केंद्राचे वस्त्रोद्योग पार्क येते आहे, त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातल्या कार्यक्रमात झाली. तिथे सूतगिरणी टाकणाऱ्याला रुई शेजारच्या जिनिंगमधून घ्यायची की बंदरावरून, याचा हिशेब दहा-पंधरा वर्षांचा करावा लागतो. शुल्कसवलतीच्या अधिसूचना मात्र काही महिन्यांच्या मुदतीने निघून वाढत गेल्या आहेत.