सस्तन प्राण्यांतील प्रजनन व्यवस्था आणि नरांमधील स्पर्धा

एखाद्या जातीतील नर आणि मादी किती जोडीदारांशी समागम करतात, किती काळ एकत्र राहतात आणि पिलांचा सांभाळ कोण करते, यांवरून त्या जातीची प्रजनन व्यवस्था ओळखली जाते. सस्तन प्राण्यांत गर्भ वाढवणे आणि दूध पाजणे ही दोन्ही कामे मादीची असल्यामुळे तिला आयुष्यभरात होणाऱ्या पिलांच्या संख्येला मर्यादा पडते. नराला किती पिले होतील हे मात्र मुख्यतः त्याला किती माद्या मिळतात यावर ठरते. नरांमधील स्पर्धेचे मूळ या विषमतेत आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ मध्ये लैंगिक निवडीची, म्हणजे जोडीदार मिळवण्यास उपयोगी पडणारे गुण पुढच्या पिढ्यांत टिकून राहतात ही, कल्पना विस्ताराने मांडली आणि शिंगे, सुळे व नरांचा मोठा आकार यांचा संबंध या स्पर्धेशी जोडला. सुमारे २,५०० सस्तन जातींचा आढावा घेणाऱ्या २०१३ मधील अभ्यासात केवळ ९ टक्के जाती जोडीने राहणाऱ्या आढळल्या.

स्पर्धा कोणते रूप घेईल, हे माद्या प्रदेशात कशा विखुरल्या आहेत आणि त्यांपैकी किती जणी एकाच वेळी माजावर येतात यावर अवलंबून असते, असे विवेचन स्टीफन एमलेन आणि लुईस ओरिंग यांनी १९७७ मध्ये केले. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील जंगलांत आणि गावांच्या शिवारांत या तत्त्वाची बरीच उदाहरणे मिळतात.

राधानगरी अभयारण्य १९५८ मध्ये गव्यांसाठी घोषित झाले आणि दाजीपूरचे जंगल आजही गव्यांसाठीच ओळखले जाते. गव्याच्या माद्या व वासरे कळपाने राहतात, तर प्रौढ नर वर्षाचा बराच काळ एकटे किंवा लहान गटांत काढतात आणि विणीच्या काळात माजावर आलेल्या मादीच्या शोधात एका कळपातून दुसऱ्या कळपात जातात. उसाच्या फडाजवळ एकटा गवा दिसला की तो कळपातून हाकललेला म्हातारा नर असावा, असे समजले जाते. हा समज बहुधा चुकीचा असतो. ७०० ते १,००० किलो वजनाच्या दोन नरांची झुंज दोघांनाही महागात पडू शकते, त्यामुळे ती क्वचितच होते. नर एकमेकांना आडवे उभे राहून पाठीचा उंचवटा आणि गळ्याखालची पोळी दाखवतात, संथपणे चालतात, आणि बहुतेक वेळा लहान नर बाजूला होतो. १९६० च्या दशकात कान्हा येथे जॉर्ज शॅलर यांनी या प्रदर्शनाचे बारकाईने वर्णन केले.

वानरांत ही स्पर्धा अधिक तीव्र होते. अनेक टोळ्यांत एक प्रौढ नर, म्हणजे हुप्प्या, अनेक माद्यांसह राहतो आणि ज्यांना टोळी मिळाली नाही असे नर स्वतंत्र गट करून आसपास वावरतात. संधी मिळताच ते जुन्या हुप्प्याला पळवून लावतात. कोल्हापूरच्या दक्षिणेस धारवाडजवळ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा यांनी अशा सत्तांतरानंतर नव्या नराने अंगावर पिणारी पिले मारल्याची नोंद केली. गर्दीमुळे निर्माण झालेली ही विकृती असावी, असे आधी अनेकांना वाटले. पुढे राजस्थानातील माउंट अबूच्या वानरांवर काम करणाऱ्या सारा हर्डी यांनी वेगळे स्पष्टीकरण दिले: दूध पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही, पिलू गेल्यास ती लवकर येते आणि काही वर्षांचीच सत्ता हाती असलेल्या नराला हा वेळ मोलाचा असतो. नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या डीएनए चाचण्यांत, १९९९ मध्ये, हल्ला करणारे नर मारलेल्या पिलांचे जनक नसल्याचे आढळल्याने या मताला बळ मिळाले. माद्याही निमूट बसत नाहीत. त्या एकत्र येऊन प्रतिकार करतात, तर काही गाभण असतानाही नव्या नराशी समागम करतात, ज्यामुळे पितृत्व संदिग्ध राहते. अनेक नर असलेल्या टोळ्यांत मात्र असे प्रकार तुलनेने कमी दिसतात.

माकडांची, म्हणजे टोपी माकडांची, गोष्ट निराळी आहे. त्यांच्या टोळीत अनेक नर असतात, पिले मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जन्मतात, म्हणजेच माद्या एकाच हंगामात माजावर येतात, आणि कितीही बलवान नर सगळ्यांवर पहारा ठेवू शकत नाही. एक मादी अनेक नरांशी समागम करते तेव्हा स्पर्धा तिच्या शरीरात सुरू राहते. जेफ पार्कर यांनी १९७० मध्ये कीटकांच्या संदर्भात शुक्राणू स्पर्धेची कल्पना मांडली. तिचे ठळक उदाहरण माकड-वानरांच्या आफ्रिकेतील मोठ्या नातलगांत आहे: सुमारे ४५ किलोच्या चिंपांझी नराचे वृषण एकत्रितपणे १२० ग्रॅमच्या आसपास, तर १६० किलोहून जड गोरिलाचे सुमारे ३० ग्रॅम भरतात, कारण गोरिलाच्या माद्यांपर्यंत दुसरा नर सहसा पोहोचत नाही.

एकाकी बिबट्याचा नर अनेक माद्यांच्या क्षेत्रांना व्यापणारा मोठा प्रदेश राखतो. लहान नाकाच्या फलाहारी वटवाघळाचा नर ताडाची पाने किंवा वेली कुरतडून आसरा तयार करतो आणि त्यात येणाऱ्या माद्यांवर हक्क राखतो. पुण्यातील जनुकीय अभ्यासात अशा आसऱ्यातील सर्व पिले त्या नराचीच नसल्याचे दिसले. कोल्हा मात्र जोडीने राहतो, नरही पिलांना अन्न पुरवतो आणि आधीच्या विणीतील पिले कधी कधी मदतीला थांबतात.

आजरा-चंदगड भागात कर्नाटकाच्या बाजूने येणाऱ्या हत्तींबाबत प्रश्न वेळेचा आहे. हत्तिणीचा गर्भकाळ २० ते २२ महिन्यांचा असतो, त्यानंतरही ती पिलाला दीर्घकाळ पाजते, म्हणून ती काही वर्षांतून मोजकेच दिवस समागमास तयार असते. अशी मादी शोधत प्रौढ नर लांबवर भटकतात. मदात आलेल्या नराच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन अनेक पटींनी वाढते, गंडस्थळाजवळून स्राव वाहतो आणि आकाराने मोठे पण मदात नसलेले नरही बहुधा त्याला वाट देतात.