कोवळा तोडायचा की जून होऊ द्यायचा: भोपळ्याच्या वाणांमागचा इतिहास

बियाण्यांच्या यादीत भोपळ्याचे वाण ‘उन्हाळी’ आणि ‘हिवाळी’ अशा दोन गटांत दिलेले असतात. त्यावरून पेरणीचे हंगाम दोन असावेत असे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही गट एकाच उबदार हंगामात पेरले जातात. फरक आहे तो तोडणीचा. झुकिनी, वाकड्या मानेचा पिवळा भोपळा, नक्षीदार कडांचा चपटा भोपळा हे उन्हाळी वाण फूल उमलल्यापासून साधारण आठवड्याच्या आत, सालीत नख रुततेय तोवर काढायचे. बटरनट, हबर्ड, एकॉर्न हे हिवाळी वाण मात्र वेलीवरच पूर्ण जून होऊ द्यायचे. साल टणक झाली की फळ साठवणीला तयार. छोट्या शेतावर कोणते वाण लावायचे हे ठरवताना बहुतेक जण एवढेच पाहतात. माझ्या मते त्याहून आधी पाहावे ते बी कोणत्या प्रजातीचे आहे हे, कारण या प्रजाती वेगवेगळ्या प्रदेशांत आणि वेगवेगळ्या काळात माणसाळल्या आणि त्या त्या मुलखाचे गुण आजही अंगात बाळगून आहेत.

सगळ्यात जुना पुरावा मेक्सिकोतला. ओआहाका राज्यातील गिला नाकिट्झ गुहेत सापडलेल्या ‘कुकुर्बिटा पेपो’ या प्रजातीच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. म्हणजे मक्याच्याही आधी लोक भोपळा लावत होते. हे आश्चर्याचे आहे, कारण रानटी फळात खाण्यासारखा गर जवळजवळ नव्हताच. ते लहान, टणक आणि कुकुर्बिटॅसिन या द्रव्यामुळे जहरी कडू. लोकांना हवे होते ते त्यातले तेलकट, पौष्टिक बी आणि वाळल्यावर भांड्यासारखी वापरता येणारी साल. गोड, जाड गर ही नंतरच्या कित्येक पिढ्यांच्या निवडीची कमाई आहे.

माणसाआधी या फळांचे गिऱ्हाईक होते मॅस्टोडॉनसारखे महाकाय प्राणी. त्यांच्या जीवाश्म शेणात भोपळवर्गीय बिया अखंड सापडल्या आहेत. हे प्राणी नाहीसे झाले आणि रानवेलींचे बी पसरवणारे कोणी उरले नाही. रानटी जाती आक्रसत गेल्या. माणसाने हाती धरलेल्या तेवढ्या फोफावल्या. त्यांच्याबरोबर एक मधमाशीही पसरली. ‘पेपोनॅपिस प्रुइनोसा’ ही माशी आपल्या पिलांसाठी फक्त भोपळ्याचेच परागकण गोळा करते. रानभोपळा जिथे कधी नव्हता अशा उत्तर अमेरिकेच्या भागांत ती शेतीच्या मागोमाग पोचली, हे तिच्या जनुकीय अभ्यासातून दिसते. भोपळ्याची फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. ही माशी उजाडण्याच्या सुमारालाच कामाला लागते. तिच्यासारखी मदत जिथे नाही, तिथे सकाळी लवकर हाताने परागीभवन करावे लागते ते याचमुळे.

एकूण पाच प्रजाती लागवडीत आल्या. छोट्या शेतकऱ्याला त्यांतल्या तीन ओळखता आल्या तरी पुरे. पेपो दोनदा माणसाळली: एकदा मेक्सिकोत आणि पुन्हा सुमारे ५,००० वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात. झुकिनी पहिल्या शाखेची, तर एकॉर्न आणि वाकड्या मानेचा भोपळा दुसरीचे. ‘मॅक्झिमा’ दक्षिण अमेरिकेची. हबर्डसारखी थोराड फळे तिची. ‘मोस्काटा’ अमेरिकेच्या उष्ण, दमट सखल प्रदेशातली, बटरनट तिच्यातला. तिचे खोड भरीव असते, म्हणून खोड पोखरणारी अळी तिला फारशी बाधत नाही, आणि उकाडाही ती इतरांपेक्षा चांगला सोसते. दुधी भोपळ्याचा वंश अगदीच निराळा, मूळ आफ्रिकेतला.

उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी, विशेषतः हौडेनोसौनी लोकांनी, मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायची पद्धत परिपूर्ण केली. घेवडा मक्यावर चढतो आणि जमिनीत नत्र स्थिर करतो; भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल धरतात आणि तण दाबतात. थोड्या जागेत इतके उत्पन्न काढण्याची इतकी विचारपूर्वक बसवलेली मांडणी क्वचितच सापडेल.

१४९२ नंतर भोपळा युरोपात फार झपाट्याने पोचला. फ्रान्सच्या राणी ॲनसाठी १५०३ ते १५०८ दरम्यान रंगवलेल्या प्रार्थनेच्या पोथीत त्याचे चित्र आहे, आणि रोमच्या व्हिला फार्नेसिनाच्या भित्तिचित्रांत पेपो आणि मॅक्झिमा ओळखू येतात. आजची झुकिनी मात्र बरीच अलीकडची. एकोणिसाव्या शतकात मिलान परिसरातल्या बागायतदारांनी ती निवडून काढली. मूळ अमेरिकेचे पीक इटालियन स्थलांतरितांबरोबर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नव्या रूपात अमेरिकेत परतले. झुकिनीची झाडे वेलीसारखी पसरत नाहीत, झुडपासारखी राहतात; छोट्या वाफ्यात ती मावतात ती या गुणामुळेच.

हिवाळी वाणांना नावलौकिक दिला बियाणे व्यापाऱ्यांनी. मॅसॅच्युसेट्समधील मार्बलहेड गावच्या जेम्स ग्रेगरी यांनी १८५० च्या दशकात हबर्ड बाजारात आणला. हे फळ त्यांच्या नजरेत आणून देणाऱ्या एलिझाबेथ हबर्ड या बाईंचेच नाव त्यांनी त्याला दिले. डेलिकाटा १८९४ मध्ये आला, टेबल क्वीन हा एकॉर्न १९१३ मध्ये. सारख्या आकाराचा, सरळ मानेचा वॉल्थम बटरनट १९७० मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर उत्तम वाण म्हणून निवडला गेला. साठवणीचे नियमही प्रजातीप्रमाणे बदलतात: हबर्ड सहा महिन्यांपर्यंत टिकतो, बटरनट दोन-तीन महिने, एकॉर्न जेमतेम दोन महिने. साठवण १० अंश सेल्सिअसच्या खाली गेली तर मात्र थंडीने फळे खराब होतात.

रानटी नातेवाइकांची गरज अजून संपलेली नाही. आजच्या कित्येक वाणांतली भुरी रोगाची प्रतिकारशक्ती ‘ओकिचोबेन्सिस’ या रानटी प्रजातीतून आली. तिचीच फ्लोरिडातली उपजात आज संकटग्रस्त यादीत आहे.

बी घरी राखणाऱ्यांनी या इतिहासातली एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. एकाच प्रजातीचे वाण, दिसायला कितीही वेगळे असले तरी, सहज संकरित होतात. झुकिनीशेजारी एकॉर्न लावला तर यंदाचे फळ बदलत नाही, त्यातले बी बदलते. जवळपास पेपोचीच शोभेची कडू फळे असतील, तर पुढच्या पिढीत ते जुने विष, म्हणजे कुकुर्बिटॅसिन, परत येऊ शकते आणि शिजवूनही ते जात नाही. घरच्या बागेतली कडू झुकिनी खाल्ल्याने २०१५ मध्ये जर्मनीत एक मृत्यू झाला आहे. फळ कडू लागले की लगेच थुंकून टाकावे आणि त्या झाडाचे बी राखू नये. बी राखायचेच असेल, तर पेपो, मॅक्झिमा आणि मोस्काटा यांचा एकेकच वाण लावावा, आणि शेजारच्या शेतात काय फुलले आहे तेही पाहून घ्यावे.