पाय अचानक बधिर पडले तर पट्ट्याआधी डॉक्टर

पावलांचे आधारपट्टे आणि स्प्लिंट (पाऊल योग्य स्थितीत धरून ठेवणारे कडक आधार) आम्ही मापाप्रमाणे बनवून देतो. पण पाय आज-कालमध्ये अचानक बधिर झाले असतील, त्यांतली ताकद गेली असेल, तर आधी आमच्याकडे येऊ नका, थेट रुग्णालय गाठा. पट्टा पुढच्या आठवड्यातही मिळेल. काही आजारांत मात्र उपचाराची वेळ तासांत निघून जाते.

मांडी घालून बसल्यावर येणाऱ्या मुंग्या पाय मोकळा केला की काही मिनिटांत जातात. त्यांची काळजी नको. शंका असेल तर भिंतीजवळ, कोणाला तरी शेजारी उभे करून, आधी टाचांवर आणि मग चवड्यांवर चार-पाच पावले चालून पाहा. चवडा उचलत नाही, पाऊल फरशीवर आपटते, चप्पल निसटते आणि ते कळतही नाही, खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही, यांपैकी काहीही नव्याने दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या खुणा दिसल्या तर चाचणीतही वेळ घालवू नका, रुग्णवाहिका बोलवा. बधिरपणा पावलांतून पोटऱ्या, मांड्या असा वर चढत असेल, विशेषतः मागच्या काही आठवड्यांत जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेला असेल, तर गियाँ-बारे सिंड्रोमची शक्यता असते. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. अशक्तपणा छातीच्या स्नायूंपर्यंत गेला तर श्वास अडतो. म्हणून चालता येत असतानाच दाखल होणे चांगले. कंबरदुखीसोबत जांघेत, बैठकीच्या भागात बधिरपणा, लघवी तुंबणे किंवा शौचावरचा ताबा जाणे, म्हणजे मणक्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. तातडीने एमआरआय आणि अनेकदा शस्त्रक्रिया लागते. एकाच बाजूचा हात-पाय लुळा, तोंड वाकडे, बोलणे अडखळते, हा पक्षाघात. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आणि एकच पाय गार, फिकट, खूप दुखरा झाला असेल तर रक्तवाहिनी बंद पडलेली असू शकते.

अशा वेळी मालीश, शेक, गरम पाण्याची पिशवी, कंबर मोडून घेणे यांतले काहीही करू नका. बधिर पायाला चटका कळत नाही आणि भाजून फोड आल्यावरच लक्षात येते. स्वतः गाडी चालवू नका. ब्रेकवर पाय नीट पडेलच असे नाही. पक्षाघाताचा संशय असताना मनाने ॲस्पिरिन देऊ नका, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर ते घातक ठरते. मधुमेह असेल तर साखर लगेच तपासा.

डॉक्टर पहिल्यांदा वेळ विचारतात. "सकाळपासून" असे मोघम सांगण्यापेक्षा शेवटचे नीट कधी चालता आले ते सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटे सोबत न्या.

निदान झाल्यावर आणि डॉक्टरांनी सुचवल्यावर स्प्लिंटच्या मापासाठी या. पहिल्या दिवशी तासाभराने स्प्लिंट काढून टाच, घोटा आणि करंगळीची कड डोळ्यांनी पाहा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तो पुन्हा घालू नका, दुरुस्तीला परत आणा.