सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, मग बॉयलर फुटणार कसा?

बॉयलर हाउसमध्ये नव्या मुलाला हमखास सांगतात, "घाबरू नको, सेफ्टी व्हॉल्व्ह आहे." हा समज अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी माणसांचे जीव जातात.

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे दाब मर्यादेपलीकडे गेला की उघडून वाफ बाहेर सोडणारी झडप. तिला फक्त दाब कळतो, पाणी किती उरलंय ते कळत नाही. १० बार दाबाला पाणी साधारण १८४ अंश सेल्सिअसला उकळतं. भट्टीत हजार अंश असले, तरी पाण्याला लागून असलेलं पोलाद त्यामुळेच फार तापत नाही. पाणी खाली गेलं की उघडं पडलेलं पोलाद तापून मऊ होतं आणि नेहमीच्याच दाबाला फाटतं. व्हॉल्व्ह तेव्हा बंदच असतो. दाब वाढलेलाच नसतो.

पाण्याची पातळी दाखवणारी काच (गेज ग्लास) रिकामी दिसताच घाईने बॉयलरमध्ये पाणी भरणारा फीड पंप चालू करणं तर त्याहून घातक. लालभडक धातूवर पाणी पडलं की एकदम वाफ होते, धातू तडकतो. आधी आग तोडायची, बॉयलर आपोआप गार होऊ द्यायचा, तपासणीशिवाय पुन्हा पेटवायचा नाही. तेलाचा बर्नर लगेच विझतो. साखर कारखान्यात मात्र बगॅस (उसाची चिपाडं) टाकणं थांबवलं तरी शेगडीवरचा जाळ काही वेळ राहतोच, म्हणून तिथे पाण्यावरची नजर क्षणभरही हटता कामा नये.

आणि काचेत दिसणारं पाणी तरी खरं का? बॉयलरमधून काचेत येणारा मार्ग चोंदला की काच खोटं दाखवते. दर पाळीला गेज ग्लास ब्लो करा, म्हणजे खालचा कॉक उघडून काचेतलं पाणी बाहेर सोडा आणि कॉक बंद करा. पाणी झटकन परत यायला हवं. रेंगाळलं तर मार्गात गाळ आहे.