कुंगफूपटांची आवृत्ती-तुलना

एकाच कुंगफूपटाच्या दोन किंवा अधिक प्रती समोरासमोर लावून कोणत्या प्रतीत कोणते दृश्य आहे, काय कापले गेले, आवाज कोणता आणि चित्राची चौकट किती मोठी, हे नोंदवण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात अशा चित्रपटांना सरसकट ‘कराटेचा पिक्चर’ म्हणतात, त्यात कराटे असो वा नसो. प्रत ‘फुल’ आहे की ‘कापलेली’, हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर वेष्टनावरच्या मिनिटांत शोधणे, ही इथली सर्वांत जुनी चूक.

मिनिटांचा घोळ

सिनेमाची फिल्म सेकंदाला 24 चौकटी (स्थिर चित्रे) धावते, भारतातल्या टीव्हीची पाल पद्धत 25. पाल डीव्हीडी आणि व्हीसीडीवर चित्रपट बहुधा थेट 25 च्या वेगाने चढवला जातो, म्हणून तो सुमारे 4 टक्के लवकर संपतो आणि आवाजही जवळपास पाऊण अर्धस्वराने चढतो. ब्रूस लीचा ‘एंटर द ड्रॅगन’ (1973) हे नेमके उदाहरण. मूळ आवृत्ती सुमारे 99 मिनिटांची. 1998 च्या पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीत शाओलिनच्या गुरूशी झालेला संवाद आणि आरशांच्या खोलीत ऐकू येणारा गुरूचा आवाज परत घातला, ती भरली 102 मिनिटे. हीच 102 मिनिटांची आवृत्ती पाल डिस्कवर 98 मिनिटांत संपते. वेष्टन वाचणारा तिला मूळ आवृत्ती समजतो, आणि पालवर 95 मिनिटांत संपणारी खरी मूळ आवृत्ती ‘कापलेली’ ठरते! पाल प्रतीची वेळ 1.0417 ने गुणली की निम्मे वाद मिटतात. उरलेले मिटवायला आरशांच्या खोलीत गुरूचा आवाज येतो का, ते ऐकावे.

सेन्सॉर प्रमाणपत्राचाही उपयोग होतो. चित्रपटगृहातल्या फिल्म प्रिंटच्या सुरुवातीला येणाऱ्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असे. 35 मिमी फिल्म मिनिटाला 27.4 मीटर धावते, तेव्हा 99 मिनिटे म्हणजे साधारण 2,715 मीटर. प्रमाणपत्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असेल तर सेन्सॉर मंडळाने काहीतरी कापायला लावले आहे. काय कापले, ते मात्र प्रमाणपत्राच्या मागच्या भागात असते आणि पडद्यावर दिसत नाही.

कात्री ओळखणे

चित्रात उडी दिसली की ती सेन्सॉरची, असे नाही. फिल्मचे रीळ जास्तीत जास्त 22 मिनिटांचे. प्रत्येक रिळाची टोके जोडताना-तोडताना झिजतात आणि तिथल्या काही चौकटी जातात. दर 18 ते 20 मिनिटांनी, वर उजव्या कोपऱ्यात गोल खूण दिसल्यावर लगेच उडी आली, तर ती झीज. ऐन मारामारीत, रीळ बदलण्याची वेळ नसताना, संगीताची लय मध्येच तुटली तर कात्री.

ही कसोटी हिंदी डबिंगवर फसते. दृश्य आधी कापून मग आवाज चढवला असेल तर संगीत अखंड वाहते आणि कात्री लपते. मग हातांकडे पाहावे: आधीच्या चौकटीत उजव्या हातात असलेला नानचाकू (साखळीने जोडलेले दोन दंडुके) पुढच्या चौकटीत खाली पडलेला असेल, तर मधले काहीतरी गेले आहे. ब्रिटनमध्ये नानचाकूची दृश्ये सेन्सॉरने वर्षानुवर्षे कापली. तिथे ‘एंटर द ड्रॅगन’ पूर्ण स्वरूपात आला 2001 साली.

सीमाभागात हिंदी प्रतींचा भरणा का, यालाही कारण आहे. इतर भाषांतले चित्रपट कन्नडमध्ये डब करण्याला कर्नाटकातल्या चित्रपटसृष्टीचा 1960 च्या दशकापासून विरोध होता. 2015 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने ही अडवणूक बेकायदा ठरवली. तोवर इथल्या मराठी आणि कन्नड, दोन्ही घरांत हाँगकाँगचा नायक हिंदीच बोलत राहिला.

शीर्षकावर तर मुळीच विसंबू नये. अमेरिकेत ‘द बिग बॉस’ (1971) ‘फिस्ट्स ऑफ फ्यूरी’ या नावाने लागला आणि खरा ‘फिस्ट ऑफ फ्यूरी’ (1972) ‘द चायनीज कनेक्शन’ झाला. ‘द बिग बॉस’चे संगीतही तीन तऱ्हांचे: मूळ मँडरिन चिनी प्रतीला वांग फू-लिंग, इंग्रजीला पीटर थॉमस, नंतरच्या कँटनीज चिनीला जोसेफ कू. ‘ड्रंकन मास्टर 2’च्या (1994) अमेरिकी प्रतीत शेवटचे छोटे दृश्यच नाही. औद्योगिक मद्य प्यायल्याने नायकाची झालेली अवस्था त्यात दाखवली होती.

चौकट आणि प्रत

व्हीसीडीची चौकट 352 × 288 बिंदूंची, पाल डीव्हीडीची 720 × 576, ब्ल्यू-रेची 1920 × 1080. पण कुंगफूपटात बिंदूंपेक्षा रुंदी महत्त्वाची. उंचीच्या 2.35 पट रुंदीचे चित्र जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कापले की 43 टक्के चित्र जाते. दोन भिडू पडद्याच्या दोन टोकांना उभे असले की लाथ मारणारा दिसतो, खाणारा नाही. अशा प्रतीत एकही दृश्य कापलेले नसले तरी ती पूर्ण म्हणू नये.

नवी 4के (ब्ल्यू-रेहूनही जास्त बिंदूंची) प्रत म्हणजे उत्तम, हेही गृहीत धरू नये. फिल्मचा दाणा (चित्रातले बारीक रवाळ ठिपके) घासून काढला की चेहरे मेणाचे दिसतात, आणि काही नव्या प्रतींत सगळ्यावर पिवळट-हिरवी झाक असते. कात्री तपासायला नवी प्रत घ्यावी, रंग तपासायला जुनीही जवळ ठेवावी.

नोंद करताना

कंपनीचे बोधचिन्ह वगळून पहिल्या दृश्यापासून वेळ मोजावी, कारण बोधचिन्हे प्रत्येक प्रतीत वेगळी असतात. वहीत चार रकाने पुरतात: दृश्य, पहिल्या प्रतीतली वेळ, दुसऱ्या प्रतीतली वेळ (पाल असल्यास गुणून), फरक. फरक कायम राहिला तर काही गेलेले नाही. एकदम वाढला तर त्या दोन नोंदींच्या मधला भाग संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ कळ दाबत चौकट-चौकट पाहावा. व्हीसीडी 74 ते 80 मिनिटांची असल्याने चित्रपट दोन सीड्यांवर येतो, तेव्हा दुसरीची वेळ पहिलीत मिळवायला विसरू नये, आणि जोडावर एखादे वाक्य दोनदा आले तर ते एकदाच मोजावे. बाहेरून मागवलेली डिस्क आपल्या यंत्रावर चालेल का, हे आधी पाहावे, कारण डिस्क ठरावीक विभागांच्या यंत्रांवरच चालतात: डीव्हीडीसाठी भारताचा विभाग 5, ब्ल्यू-रेसाठी सी.