विद्यापीठीय धर्मकसोटी

विद्यापीठातील प्रवेश, पदवी किंवा अध्यापकपद देण्यापूर्वी एखाद्या पंथावरील निष्ठा वदवून घेण्याची पद्धत. प्रस्तुत नोंद मुख्यतः इंग्लंडपुरती आहे.

ऑक्सफर्डमध्ये १५८१ पासून सोळा वर्षांवरील प्रवेशेच्छूंना इंग्लंडच्या चर्चच्या (तेथील राजमान्य प्रोटेस्टंट चर्च) धर्ममते सांगणाऱ्या ३९ कलमांवर सही करावी लागे. केंब्रिजमध्ये हा अडसर पदवीच्या वेळी येई; तेथील नियम सामान्यतः १६१६ च्या सुमाराचा, पहिल्या जेम्सच्या आज्ञेने आलेला मानतात. १७७२ पासून बी.ए.साठी सहीऐवजी चर्चचे सभासदत्व जाहीर करणे पुरेसे झाले. त्यामुळे ज्यू, कॅथलिक व चर्चबाह्य प्रोटेस्टंट केंब्रिजमध्ये शिकत, परीक्षाही देत, पण पदवीला मुकत. गणितज्ञ जे. जे. सिल्व्हेस्टर हे ज्यू होते. १८३७ च्या गणित ट्रायपॉसमध्ये (केंब्रिजची पदवी परीक्षा) ते दुसरे आले, तरी केंब्रिजने त्यांना पदवी नाकारली. हा उघड अन्याय होता.

धर्मकसोटी न लावणारी संस्था लंडनमध्ये १८२६ साली स्थापन झाली (आजचे युनिव्हर्सिटी कॉलेज). तेथे धर्मशास्त्र न शिकवण्याचे श्रेय पुष्कळदा तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमच्या विचारांना दिले जाते. तथापि, कोणत्या पंथाचे धर्मशास्त्र शिकवावे यावर संस्थापकांत एकमत होणे अशक्य होते, हे कारण अधिक सयुक्तिक वाटते. तिला उत्तर म्हणून १८२९ मध्ये चर्चनिष्ठांचे किंग्ज कॉलेज निघाले. १८३६ च्या सनदेने परीक्षा घेणारे लंडन विद्यापीठ वेगळे झाले.

ऑक्सफर्ड व केंब्रिजमधील निर्बंध १८५४ व १८५६ च्या कायद्यांनी सैल झाले. १८७१ च्या कायद्याने ते बहुतांशी संपले. धर्मशास्त्राच्या पदव्या मात्र वगळल्या होत्या. कायदा बदलूनही कॅथलिक विद्यार्थ्यांवर त्यांच्याच बिशपांची मनाई १८९५ पर्यंत राहिली. १८९९ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर (गणित ट्रायपॉसमध्ये पहिले) झालेले र. पु. परांजपे पुढे सेंट जॉन्स कॉलेजचे फेलो (मानधन मिळणारे सदस्य) झाले, ते १८७१ च्या कायद्यामुळेच.

मुंबई, कलकत्ता व मद्रास विद्यापीठे (१८५७) लंडनच्या नमुन्यावर उभारली गेली. भारतातील शिक्षणधोरण ठरवणाऱ्या वुडच्या खलित्याने (१८५४) पदवी परीक्षांतून धर्मश्रद्धेचे विषय वगळले, मात्र मिशनरी महाविद्यालयांनाही संलग्नता खुली ठेवली. स्वतंत्र भारतात विद्यापीठीय शिक्षणाविषयीच्या राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) पदवीच्या पहिल्या वर्षी विविध धर्मप्रवर्तकांची चरित्रे आणि दुसऱ्या वर्षी धर्मग्रंथांतील निवडक उतारे शिकवावेत, असे सुचवले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही; राज्यमान्य किंवा अनुदानित संस्थेत ते संमतीशिवाय कोणावर लादता येत नाही.