लघवीत उतरलेलं विकर

गेल्या रविवारी धनकवडीत भाचीचं डोहाळजेवण होतं. फुलांची वाडी भरताना तिच्या बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. "सातव्यात सूज यायचीच, मीठ सोड," असं घरातल्या एका आत्यांनी सांगून टाकलं. पायांना सूज बहुतेकींना येते, हे खरं. पण मीठ सोडल्याने प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोक्याचा आजार, टळत नाही, आणि हाता-चेहऱ्यावर अचानक सूज दिसली तर आधी बीपी मोजायचं असतं. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर गेलं आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली, की डॉक्टर सावध होतात.

या आजाराची सुरुवात वारेत (प्लासेंटात) होते. वारेला रक्त कमी पडलं की ती आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते, ज्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. मूत्रपिंडातल्या गाळण्यांचं अस्तर सुजतं आणि एरवी अडणारं अल्ब्युमिन खाली नळीत उतरतं.

मला सगळ्यात आवडते ती इथून पुढची गोष्ट. नळीच्या भिंतीतल्या पेशी हे अल्ब्युमिन आत ओढून घेतात आणि लयकारिकांमध्ये पचवतात. शाळेत आपण 'पेशीची कचरापेटी' म्हणून शिकलो, त्याच लयकारिका. त्यांच्यातलं एक विकर (एन्झाइम) म्हणजे एनएजी, पूर्ण नाव एन-ॲसिटिल-ग्लुकोसअमिनिडेज. पेशींवर ताण आला, त्या दुखावल्या, की ते लघवीत सांडतं. आणि ते रक्तातून गाळून आलेलं नसतं, कारण एनएजीचा रेणू अल्ब्युमिनच्या जवळपास दुप्पट वजनाचा, १३० किलोडाल्टनच्या आसपास. धड गाळणीतून तो जाऊच शकत नाही. म्हणजे लघवीतलं एनएजी बहुतांशी नळीच्याच पेशींचं. ते मोजायची रीतही देखणी आहे. साखरेच्या रेणूला नायट्रोफेनॉल जोडलेला पदार्थ लघवीत मिसळायचा. विकर तो जोड कापतं, मग अल्कली घातली की द्रावण पिवळं होतं. जितकं गडद पिवळं, तितकं विकर कामसू. पाणी जास्त प्यायलं तर लघवी पातळ होते, म्हणून आकडा लघवीतल्या क्रिएटिनिनने, म्हणजे स्नायूंतून साधारण ठरावीक प्रमाणात येणाऱ्या टाकाऊ पदार्थाने, भागतात.

पण यावरून 'एका थेंबात निदान' असं कुणी विकायला आलं तर विश्वास ठेवू नका. निरोगी गरोदरपणातही एनएजी वाढतं. मधुमेहात वाढतं, जेंटामायसिनसारख्या औषधानेही वाढतं. दवाखान्यात आजही भरवसा बीपीचा पट्टा आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी यांवरच आहे. आणि हा आजार बळावून झटके आले तर ती बाहेरची बाधा नव्हे. अंगारा लावण्यात गेलेला अर्धा तास झटके आवरणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनचा असतो.

जेवणं झाल्यावर भाचीला पाठ टेकवून दहा मिनिटं शांत बसवलं आणि आजोबांच्या यंत्राने बीपी घेतलं. १३६/८८. सोमवारी ओपीडीत पट्टी बुडवली, प्रथिनं नव्हती. आता दर आठवड्याला बीपी दाखवायला जायचंय. अंगठी अखेर निघाली, ती तिने मंगळसूत्रात ओवून ठेवली आहे.